३१ जुलै, ३० सप्टेंबर आणि कॅमेरा : ऐन सीझनमध्ये फोटोग्राफी कशी चालू ठेवायची

सीएच्या ऑफिसात, कंपनीच्या अकाउंट्समध्ये किंवा टॅक्सच्या कामात असणाऱ्या आणि नुकताच फोटोंचा नाद लागलेल्या मंडळींसाठी हा लेख आहे. कॅमेरा नवा असो किंवा हातातला मोबाइलच असो. एप्रिल-मेमध्ये हुरूप असतो, रविवारी सिंहगड होतो, ॲपर्चर (लेन्सचं उघडं भोक) आणि शटर (उजेड किती वेळ आत येतो) यांचे व्हिडिओ पाहून होतात. मग जूनच्या मध्यावर फॉर्म १६ यायला लागतात, ‘माझं रिटर्न झालं का हो?’ असे फोन सुरू होतात, आणि कपाटात गेलेला कॅमेरा दिवाळीनंतरच बाहेर येतो. तोवर लेन्समध्ये बुरशीने जाळं धरलेलं असतं आणि हाताची सवयही मोडलेली असते.

चुटपुट लागते ती यासाठी, की आपला सीझन, म्हणजे रिटर्न आणि ऑडिटचे घाईचे महिने, आणि उजेडाचा सीझन नेमके एकाच वेळी येतात. जुलै ते ऑक्टोबर म्हणजे ढगांतून गाळून आलेला मऊ उजेड, ओले रस्ते, छत्र्या, गणपतीचे मांडव, नवरात्र. एप्रिल-मेच्या भर उन्हात चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, आकाश पांढरंफटक येतं. सीझन संपल्यावर निवांत फोटो काढू म्हणणारा माणूस वर्षातला सगळ्यात चांगला उजेड ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली घालवतो.

फोटो काढायला वेळ लागत नाही, १/१२५ सेकंद लागतो. वेळ जातो तो लांब कुठेतरी जाण्यायेण्यात, सामानाची जमवाजमव करण्यात आणि नंतर लॅपटॉपसमोर बसून एडिटिंग करण्यात. सीझनमध्ये या तीन गोष्टींना कात्री लावायची. मग उरतं ते दिवसातून पंधरा मिनिटांत बसतं. ते कसं, ते आता क्रमाने पाहू.

आधी तारखा मांडा

आपल्याइतकं तारखांवर जगणारं दुसरं कुणी नसेल. तेव्हा सुरुवात कॅलेंडरपासूनच करा. भिंतीवरचं साधं कॅलेंडर घ्या आणि नेहमीच्या तारखांवर लाल खूण करा : ७ ला टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), २० ला थ्री-बी (महिन्याचा जीएसटी भरायचं विवरण). मग मोठ्या तारखा : पगारदारांच्या रिटर्नची ३१ जुलै, ॲडव्हान्स टॅक्सची १५ सप्टेंबर, टॅक्स ऑडिट रिपोर्टची ३० सप्टेंबर, ऑडिटवाल्यांच्या रिटर्नची ३१ ऑक्टोबर. लाल खुणेच्या आदल्या दोन दिवसांत फोटोंचा काहीही बेत ठेवायचा नाही. उरलेल्या दिवसांना हिरवी खूण करा. २१ नंतरचे काही दिवस आणि १२-१३ तारीख जरा श्वास घेऊ देतात, हे कुठल्याही ऑफिसातला माणूस सांगेल. जुलै आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा मात्र याला अपवाद. तो तर पूर्ण लालच.

त्याच कॅलेंडरवर आता उजेड लिहा. पुण्यात जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. सप्टेंबर संपताना साडेसहाच्या आत, आणि ऑक्टोबरअखेर जेमतेम सहाला. म्हणजे जुलैत ऑफिसातून साडेसहाला सटकता आलं तर उजेडाचा तुकडा हाती लागतो. ऑक्टोबरमध्ये खाली उतराल तेव्हा दिवे लागलेले असतात. उलट सकाळचा उजेड या चार महिन्यांत फारसा हलत नाही : सूर्योदय सहा ते साडेसहाच्या दरम्यानच राहतो. एवढ्यावरून ठरवून टाका, सीझनमधली फोटोग्राफी सकाळची. संध्याकाळ बॉसची आणि क्लायंटची असते. तिच्यावर आपला हक्क सांगायला जाऊ नये.

आणखी दोन गोष्टी कॅलेंडरवर हव्यात. एक, सण. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे ॲडव्हान्स टॅक्सच्या आदल्या दिवशी, आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, म्हणजे ऑडिटच्या तारखेआधी जेमतेम पाच दिवस. विसर्जन मिरवणुकीत रात्रभर फोटो काढायचे मनसुबे असतील तर हे आत्ताच पाहून ठेवा. मी तरी म्हणेन, मिरवणुकीपेक्षा त्याआधीचे दिवस पकडा : मांडवाचे बांबू बांधणं, ढोल-ताशा पथकांचा सराव, स्टॉलवर रांगेत मांडलेल्या, अजून डोळे न रंगवलेल्या मूर्ती. गर्दी नाही, धक्काबुक्की नाही, आणि ऑफिसला जाताजाता होतं.

दुसरी गोष्ट गमतीची. जुलै संपता संपता पुण्यात वर्षातला दुसरा शून्य सावलीचा दिवस येतो. पहिला मेच्या मध्याला होऊन गेलेला असतो. दुपारी पाऊणच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूंची सावली त्यांच्याच पायाखाली दडते. बहुतेक वेळा ढग असतात, पण ऊन पडलंच तर डबा खाऊन दोन मिनिटं खाली या. उभ्या डांबांचे बिनसावलीचे फोटो रिटर्नच्या धामधुमीतही मिळून जातात.

आणि हो, मुदतवाढ. ती होईल या आशेवर काही ठरवू नका आणि होणार नाही या आशेवर तर त्याहून नको. २०२५ मध्ये रिटर्नची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरला गेली आणि अगदी शेवटच्या घटकेला आणखी एका दिवसाने वाढून १६ झाली. ऑडिट रिपोर्टची तारीख सरकत सरकत १० नोव्हेंबरपर्यंत गेली, म्हणजे ऐन दिवाळीतही काम मानगुटीवर होतंच. तारीख संपली की दुसऱ्याच दिवशी निघायचं, अशा बेताने ज्यांनी गाडी बुक केली होती त्यांचं काय झालं असेल, ते सांगायला नको. मोठी सहल तारखेला चिकटवून ठेवू नये. पंधरा मिनिटांच्या फेरीला मुदतवाढीने काही होत नाही.

आवार छोटं करा

नवख्यांना वाटतं, फोटोसाठी कुठेतरी जायला हवं. सीझनमध्ये हा विचार बाजूला ठेवा. घर ते ऑफिस हा रस्ता, एवढंच तुमचं आवार.

जगातले भले भले लोक यात रमलेले आहेत. सॉल लाइटर १९५२ पासून न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात राहिला आणि २०१३ मध्ये जाईपर्यंत त्याचे कितीतरी नावाजलेले फोटो घराच्या आसपासच्या गल्ल्यांतलेच होते. ओल्या काचेतून, वाफ धरलेल्या खिडकीतून, छत्रीच्या कडेखालून दिसणारी माणसं टिपणं ही त्याची खासियत. आपल्या पावसाळ्यात याहून वेगळं काय असतं? प्रागच्या योसेफ सुदेकने, ज्याचा एक हात पहिल्या महायुद्धात गेला होता, १९४० पासून पुढची कितीतरी वर्षं स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढले. काचेवरचे थेंब, बाहेरचं वेडंवाकडं झाड, बस्स.

पुण्यातल्या पेठांमध्ये ज्यांचं ऑफिस आहे त्यांचं तर भाग्यच म्हणायचं. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला, तेव्हापासून कसबा पेठ आणि मंडई ही स्टेशनं हाताशी आली. लक्ष्मी रोडला ऑफिस असेल तर मंडईला न उतरता आधी कसब्याला उतरा आणि उरलेलं अंतर चाला. वाटेत मंडई घ्या. १८८६ सालची ही इमारत, सुरुवातीला गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाणारी, आता महात्मा फुले मंडई. मधला उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती पसरलेल्या पाखा. सगळे नवशिके बाहेर उभे राहून मनोऱ्याचा फोटो काढतात, तोही तिरका. तुम्ही आत शिरा. बाहेरून उजेड जिथे आत येतो त्या रेषेवरच्या गाळ्यांकडे पाहा : भाजीवर पाणी शिंपडणारा हात, वजनकाटा, पिशवी पुढे करणाऱ्या आजी. पाठीमागे अंधार, पुढे उजेड. स्टुडिओत पैसे मोजून करतात ती प्रकाशयोजना इथे आयती मिळते.

आणि तांबट आळी. कसबा पेठेतली ही आळी पेशवाईपासूनची. ती दिसण्याआधी ऐकू येते, कारण तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा ठेका गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. भांडं घडवून झालं की त्यावर मठारकाम करतात, म्हणजे हातोडीने एकाला एक लागून ठोके देत जायचं. त्यामुळे पत्रा कणखर होतो आणि अंगावर एकसारखे खळगे उठतात. शिकायला याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही. एक म्हणजे कारागीर बहुधा दाराजवळ बसलेले असतात, त्यामुळे उजेड एका बाजूने येतो आणि प्रत्येक खळग्यात एकेक चमकता ठिपका बसतो. त्या ठिपक्यांवर फोकस धरून अगदी जवळून एक फोटो घ्या. दुसरं, तांबं चकाकतं, आणि चकाकत्या वस्तूने कॅमेऱ्याचं मोजमाप चुकतं. चमक पांढरी फुटत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला एकूण उजेड, उणे ०.७ वर आणा. मोबाइलवर बोट दाबून धरून ते सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. लगेच तांबडा-सोनेरी रंग परत येतो.

तिसरं, शटर स्पीड शिकायचा तर तो इथेच. १/३० ला हातोडी पुसट होते, भांडं स्थिर राहतं, फोटोत आवाज आल्यासारखा वाटतो. १/५०० ला हातोडी हवेत गोठते. दोन्ही काढून पाहा. आत उजेड कमी असतो, त्यामुळे १/५०० साठी आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) बराच चढवावा लागेल आणि फोटो थोडा रवाळ येईल. येऊ द्या. पुस्तकातली चार पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे दोन फोटोंत शिरतं.

विचारल्याशिवाय मात्र काढायचं नाही. ‘काका, तुमचं काम चाललंय त्याचा एक फोटो घेऊ का?’ एवढं पुरतं. बहुतेक जण हो म्हणतात, काही जण मान हलवून नाही म्हणतात. मग हसून पुढे जायचं. रोजच्या वाटेवरची माणसं आहेत, उद्या पुन्हा दिसणार. आणि काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणालात तर पाठवा. पुढच्या वेळी खुर्ची मिळते आणि चहाही.

पेठांत नसलेल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. हिंजवडीच्या रस्त्यावरची टपरी, हडपसरच्या सिग्नलला रेनकोट घालून थांबलेल्या दुचाकींची फौज, ठाण्याच्या फलाटावर लोकल येण्याआधी पुढे सरकणारी रांग, नाशिकच्या घाटावरची सकाळ. नियम तोच : वाट वाकडी न करता जे लागतं तेच.

एकच विषय धरा

रोज सकाळी ‘आज काय काढू’ हा प्रश्न पडला की पंधरापैकी दहा मिनिटं त्यातच जातात. म्हणून सीझनभरासाठी एक विषय ठरवून टाका. छत्र्या. दुकानांच्या पायऱ्या. हात. पिवळा रंग. बंद शटरवरची चित्रं. चपलांचे ढीग, आणि पावसाळ्यात ते ऑफिसांच्या दाराबाहेरही असतात. विषय जितका साधा तितका बरा. चार महिन्यांत एकाच गोष्टीकडे पाहून पाहून नजर तयार होते, आणि दिवाळीत मागे वळून पाहिलं की हाती सुट्या फोटोंच्या ढिगाऐवजी एक मालिका असते.

आठवड्याच्या मध्ये कंटाळा आला तर विषय बदलू नका, अट बदला. आज फक्त खाली वाकून, आज फक्त डबक्यातलं प्रतिबिंब, आज फक्त उभे फोटो, आज एकाच जागी उभं राहायचं आणि चौकटीत कोण येतं ते पाहायचं. शेवटचा प्रकार नवख्यांनी जरूर करावा. चांगली पार्श्वभूमी निवडा, ओली भिंत किंवा निळं दार, आणि नुसते थांबा. फोटोसाठी माणसांच्या मागे धावणाऱ्याला मिळत नाही ते थांबणाऱ्याला मिळतं.

रात्रीच तयारी, सकाळी विचार नाही

मोबाइलवर काढत असाल तर तयारी नाहीच म्हणायला हरकत नाही. लेन्स शर्टाच्या टोकाने नाही, स्वच्छ रुमालाने पुसायची. खिशात राहून तिच्यावर बोटांचा तेलकटपणा बसतो, आणि दिव्यांच्या भोवती जो धुरकट पसारा दिसतो तो यामुळेच. सेटिंगमध्ये जाऊन ग्रिडच्या रेघा सुरू करा. दोन बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. मोबाइलला दोन-तीन लेन्स असतील तर कमी उजेडात मुख्य लेन्सच, म्हणजे ‘एक एक्स’वालीच वापरा.

कॅमेरा असेल तर एकच लेन्स लावून ठेवा आणि ती सीझनभर काढू नका. ३५ किंवा ५० एमएमची साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स असेल तर उत्तम, नसेल तर कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स ३५ च्या आकड्यावर ठेवून काम चालवा. पावसात रस्त्यावर लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर पाणी ओढवून घेणं. सेटिंग एकदाच करा : ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), ॲपर्चर एफ/५.६, ऑटो आयएसओ, त्याची वरची मर्यादा ६४००, आणि किमान शटर १/१२५. बस. पेठेतल्या सकाळी यातलं जवळपास सगळं निभतं. शुद्धतावादी म्हणतील मॅन्युअल शिका. शिका की, पण नोव्हेंबरात.

रात्री मोबाइल चार्जिंगला लावताना बॅटरीही लावायची आणि कॅमेरा ऑफिसच्या बॅगेतच ठेवायचा, टिफिनच्या शेजारी नाही, वेगळ्या कप्प्यात. सकाळी सातला ‘कॅमेरा न्यावा का’ असा प्रश्न मनात आला की उत्तर नेहमी नाही असंच येतं. तो आधीपासून बॅगेत असला तर प्रश्नच उरत नाही.

पावसाचं मात्र गांभीर्याने घ्या. बॅगेत एक झिपलॉक पिशवी, एक छोटा नॅपकिन. आणि एसीचा धोका लक्षात ठेवा. थंडगार ऑफिसातून कॅमेरा एकदम जुलैच्या दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते. ती कापडाने पुसली तरी पुन्हा धरते. तेव्हा बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटं तो बॅगेतच बंद राहू द्या, चालता चालता त्याला बाहेरची हवा मानवते. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी दाणे हिरवे पडले, की ओल शोषून त्यांचं पोट भरलं असं समजायचं. मंद आचेवर तापवले की पुन्हा वापरता येतात. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा घालून कपाटात ठेवणं हे बुरशीला आमंत्रण. तसं बघितलं तर रोज वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही, हाही सीझनमध्ये फोटो काढत राहण्याचा एक फायदाच.

ती पंधरा मिनिटं

घरातून नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी निघा. पंधरा मिनिटं फोटोंची, पाच उशिराची. एक स्टॉप आधी उतरा. घड्याळाचा गजर लावा आणि तो वाजला की कितीही सुंदर काही समोर असलं तरी चालू लागा. हे कठोर वाटतं, पण ऑफिसला एकदा उशीर झाला आणि कारण फोटो निघालं की सीझनभर बॉसच्या डोळ्यांत कॅमेरा खुपतो.

झोप मात्र कापू नका. रात्री साडेअकराला ऑफिसातून आलात, तर सकाळची फेरी रद्द. ३० सप्टेंबरच्या आधीचे दिवस असेच असतात. त्या दिवसांत दिवसाला एक मोबाइल फोटो एवढंच ठेवा, तोही जमला तर. खंड पडला म्हणून छंद तुटत नाही. ‘आता राहिलंच, तर सोडूनच देऊ’ असं म्हटल्याने तुटतो.

रविवारी घरच्यांचाही वाटा असतो. सीझनमध्ये निम्मे रविवार ऑफिस खातं, उरलेल्यात तुम्ही कॅमेरा घेऊन गायब झालात तर घरात बोलणी बसणारच. मुलांना टेकडीवर सोबत न्या. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, काहीही चालेल. पावसाळ्यात तिथे रानफुलं असतात, सकाळी लवकर दवही असतं. मुलाच्या हातात जुना मोबाइल द्या आणि त्याच्या उंचीवरून त्याला काय दिसतं ते नंतर पाहा. बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा चांगलं दिसलेलं असतं.

ऑफिसात फोटो काढताना

ऑफिसमध्येही विषय आहेत : फायलींचे गठ्ठे, कटिंग चहाचे ग्लास, रात्री दहाला खुर्चीतच डुलकी काढणारा आर्टिकल, म्हणजे सीएकडे काम शिकणारा उमेदवार. पण इथे फोटोग्राफीचा नाही, पेशाचा नियम चालतो. फ्रेममध्ये कुणाचं पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, उघडी टॅली, व्हाइटबोर्डवरची क्लायंटची यादी, यातलं काहीही येता कामा नये. कामातून कळलेली क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय किंवा कायद्याने सांगितल्याशिवाय बाहेर देणं हे चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे सीएचं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. आजचे मोबाइल इतकं बारीक टिपतात की मागच्या टेबलावरच्या कागदावरचा आकडा झूम करून वाचता येतो. तेव्हा फोटो स्टेटसला टाकण्याआधी कोपरे नीट पाहा. माझं मत विचाराल तर स्क्रीन चालू असलेल्या खोलीत कॅमेरा काढूच नये. जिन्यात काढा, पॅन्ट्रीत काढा, खिडकीतून बाहेर काढा. सुदेकची खिडकी आठवा.

डुलकी काढणाऱ्या आर्टिकलला जाग आल्यावर विचारा. नको म्हणाला तर त्याच्यासमोरच डिलीट.

निवड : सगळ्यात टाळलं जाणारं काम

रोज दहा फोटो म्हटले तरी महिन्याला अडीच-तीनशे जमतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली एक रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद, जिच्यावर नंतर काम करावं लागतं) २५-३० एमबीची असते, म्हणजे महिन्याला आठेक जीबी, आणि प्रत्येकीवर बसून काम करायचं ओझं वेगळंच. म्हणून सीझनमध्ये जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातूनच तयार होऊन येणारा फोटो. ज्यांना रॉशिवाय चैन पडत नाही त्यांनी दोन्ही ठेवावेत, पण ऑक्टोबर संपेपर्यंत रॉ उघडू नये.

निवड दोन टप्प्यांत करा. पहिला टप्पा परतीच्या बसमध्ये किंवा मेट्रोत : हललेले, डोळे मिटलेले, एकसारखे फोटो उडवा. एखाद्या क्लायंटचा ओटीपी येईपर्यंत किंवा पोर्टलवरचं चक्र फिरत असतानाही हे होतं. दुसरा टप्पा आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं : उरलेल्यांतून तीन निवडायचे आणि त्यांना चांदणी द्यायची. तीनच. चौथा आवडला तर आधीच्या तिघांतला एक काढायचा. ही ओढाताणच खरं शिक्षण आहे, कारण एक ठेवून दुसरा का काढला, याचं उत्तर स्वतःलाच द्यावं लागतं.

एडिटिंग तीन गोष्टींपुरतं ठेवा : फोटो सरळ करणं, कडेचा पसारा कापणं, उजेड थोडा वर-खाली. मोबाइलवर एका फोटोला मिनिटभर लागतं. फिल्टर, रंगांचे खेळ, आकाश बदलणं यात शिरलात की रात्रीचा एक कधी वाजला कळत नाही.

फोटो ‘२०२६-०७’, ‘२०२६-०८’ अशा महिनावार फोल्डरमध्ये टाका. व्हाउचर फाइल करणाऱ्यांना हे शिकवायची गरज नाही. कॉपी दोन हव्यात, एक लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर. ऑफिसच्या सर्व्हरवर नको, जागा कितीही रिकामी असली तरी.

लांबच्या जागांचं काय

ऑगस्टअखेर व्हॉट्सॲपवर कास पठाराचे फोटो यायला लागतात आणि जीव खालीवर होतो. कास साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरवर, पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ मध्ये सामील झालेलं, आणि तिथे रोज किती जणांना सोडायचं यावर मर्यादा असल्याने आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. फुलांचा बहर ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे बरोबर आपल्या ऑडिटच्या दिवसांत. पुण्याहून जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो, शनिवार-रविवारी गर्दी तुडुंब, आणि ढग उतरले की फुलं सोडा, शेजारचा माणूस दिसत नाही. नोकरीच्या पहिल्या एक-दोन सीझनमध्ये कास सोडून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. जायचंच असेल तर १५ सप्टेंबरच्या आधीचा, शनिवार-रविवार सोडून एखादा दिवस निवडा, रजा जुलैतच मंजूर करून ठेवा आणि मोबाइल बंद करून जा. पठारावर एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात जीएसटीची नोटीस वाचून दाखवणारा क्लायंट, ही कसरत कुणाला जमलेली मी पाहिलेली नाही.

दम धरणाऱ्यांसाठी भिगवण आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि मार्चपर्यंत असतात. पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर, पहाटे निघून दुपारी परत येता येतं, आणि स्थानिक नावाडी होडीतून जवळ नेतात. त्याला सीझनमध्ये काही करावं लागत नाही, फक्त तारीख धरून ठेवायची. २० डिसेंबरनंतरचा रविवार सोयीचा वाटेल, पण ३१ डिसेंबरला जीएसटीआर-९, म्हणजे जीएसटीचं वार्षिक रिटर्न असतं. तेव्हा जानेवारीतल्या २० तारखेनंतरचा रविवार धरा. पक्षी असतात, धुकं असतं, ३१ जानेवारीचं टीडीएस रिटर्न तेवढं आधी उरकून घ्या.